मिसळ न सोडता जमलेली बचत

दर महिन्याच्या वीस तारखेनंतर आमची ओढाताण सुरू होई आणि मी रविवारची मिसळ बंद करण्याचा निश्चय करीत असे. तो दोन आठवडे टिके, आणि तिसऱ्या रविवारी आम्ही चौघे गंगापूर रस्त्यावर मिसळ, पापड, दही आणि वर जिलबी असा दुप्पट खर्च करून येत असू. शेवटी तीन महिन्यांचा हिशेब वहीत मांडला, तेव्हा मिसळ निर्दोष निघाली. पैसे गळत होते ते आळसापोटी घरी मागवलेल्या जेवणावर.

मग क्रम उलटा केला. पगाराच्या दुसऱ्या दिवशी टपाल कार्यालयातील आवर्ती ठेवीत ३००० रुपये भरू लागलो. ही ठेव ६० मासिक हप्त्यांची असते, महिना किमान १०० रुपयांपासून उघडता येते आणि हप्ता चुकल्यास शंभरामागे १ रुपया दंड पडतो; रक्कम क्षुल्लक, पण पासबुकातील तशी नोंद मला फार टोचते. चैनीचे १२०० रुपये मात्र रोख काढून चिवड्याच्या रिकाम्या डब्यात ठेवतो, आणि डबा रिकामा झाल्यावर मोबाइलवरून पैसे द्यायचे नाहीत, असे घरात ठरले आहे. गेल्या महिनाअखेरीस डब्यात ४० रुपयेच उरले होते. त्या रविवारी मिसळ घरीच झाली, आणि तर्री मुलांना फारच तिखट लागली.