हिरड्यांवर लिंबू चोळताय? या चुका टाळा

लिंबू, संत्रं, ग्रेपफ्रूट यांत हिरड्यांच्या कामाचं बरंच काही आहे. पण त्यासाठी फळ खायला हवं, हिरड्यांना लावायला नको.

लिंबाची फोड किंवा साल दातांवर घासणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. लिंबाच्या रसाचा पीएच 2 ते 3 असतो (पीएच जितका कमी, तितकं आम्ल तीव्र) आणि साधारण 5.5 च्या खाली एनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण आवरण, विरघळू लागतं. झिजलेलं एनॅमल पुन्हा तयार होत नाही. टार्टर, म्हणजे दातांवर साचून कडक झालेला थर, निघेल या आशेनेही लिंबू घासू नका. टार्टर विरघळवणारं आम्ल दातालाही सोडत नाही. आंबट फळ खाल्ल्यावर लगेच ब्रशही नको. साध्या पाण्याने चूळ भरा आणि अर्धा-पाऊण तास थांबा.

रस गाळून पिता? मग संत्र्यातल्या हेस्पेरिडिन या उपयोगी द्रव्याचा मोठा वाटा चोथ्यात जातो. ग्रेपफ्रूटला कडवटपणा देणारं नॅरिंजिनही तसंच. ही फ्लॅव्होनॉइड्स (वनस्पतींतली नैसर्गिक द्रव्यं) सालीखालच्या पांढऱ्या भागात आणि फोडींच्या पापुद्र्यात जास्त असतात, म्हणून फोड पापुद्र्यासकट खा. प्रयोगशाळेत या द्रव्यांनी दाह कमी केल्याचं आणि हिरड्या पोखरणाऱ्या काही जिवाणूंना रोखल्याचं दिसलं आहे. तेवढ्यावरून त्यांच्या कॅप्सूल घेऊन सफाईत ढिलाई करणं मात्र चूक आहे. दातांवर चिकटलेला प्लाक, म्हणजे जिवाणूंचा थर, गोळीने निघत नाही.

रक्त येतंय म्हणजे क जीवनसत्त्व कमी, हाही घाईचा निष्कर्ष. ते कोलॅजेनसाठी, म्हणजे हिरड्यांना बळकटी देणाऱ्या प्रथिनासाठी, लागतं, फारच कमी पडलं तर स्कर्व्ही होऊन हिरड्या सुजतात, हे खरं. ब्रिटिश नौदलातले डॉक्टर जेम्स लिंड यांनी 1747 मध्ये संत्री-लिंबं देऊन खलाशांचा स्कर्व्ही बरा करून दाखवला होता. पण आहार बरा असलेल्या माणसाच्या हिरड्यांतून रक्त येण्याचं नेहमीचं कारण प्लाकच. रक्त दिसलं की लोक नेमकी तीच जागा घासायचं सोडतात, आणि दुखणं वाढतं. मऊ ब्रशने तिथेच हळुवार सफाई करा. दोन आठवड्यांत फरक पडला नाही, पू आला किंवा दात हलू लागला, तर दंतवैद्य गाठा.

ग्रेपफ्रूटबाबत विशेष जपा. निफेडिपिन (रक्तदाबावरचं), सिक्लोस्पोरिन (अवयव प्रत्यारोपणानंतर दिलं जाणारं) यांसारख्या औषधांचं रक्तातलं प्रमाण त्याने वाढू शकतं, आणि याच औषधांनी काहींच्या हिरड्या फुगतात. ती चालू असतील तर ग्रेपफ्रूट खाण्याआधी डॉक्टरांना विचारा. औषध मनाने बंद करू नका.