साठच्या दशकातली मस्टँग घेताय? या चुका टाळा

फ्रिजच्या दारावरचं लवचिक चुंबक, टॉर्च आणि पाण्याची बाटली. फोर्डची जुनी मस्टँग बघायला निघालो की आता मी एवढं सोबत घेतो. पहिल्या वेळी यातलं काहीच नेलं नव्हतं. खिशात चेकबुक होतं आणि अंगात उत्साह. अमेरिकेतल्या ओहायोत एका घराच्या दारात 1966 ची लाल कूपे (दोन दारांची, बंद टपाची) उन्हात चमकत उभी होती. मालकाने किल्ली फिरवली, आठ सिलिंडरच्या व्ही-एट इंजिनाचा तो घुमणारा आवाज आला आणि पाच मिनिटांत मी हो म्हणून बसलो. पहिल्याच पावसात बाजूच्या सीटवर बसलेल्या बायकोच्या चपला भिजल्या.

17 एप्रिल 1964 ला ही गाडी बाजारात आली आणि पहिल्या वर्षभरातच चार लाखांवर विकली गेली. त्यामुळे आजही भरपूर गाड्या विक्रीला दिसतात आणि पार्टसही सहज मिळतात. हीच सोय माणसाला गाफील करते. ‘काही निघालंच तर बदलून घेऊ’ असं आपण म्हणतो, पण पत्रा स्वस्तात मिळाला तरी जुना कापून नवा जोडणाऱ्याची मजुरी परवडत नाही. इंजिन दोन शनिवार-रविवारात उतरवून चढवता येतं, सडलेली बॉडी नाही.

रंग बघितला, पत्रा बघितला नाही

या गाडीला वेगळी चॅसी नाही. फरशी, खालचे पोकळ बीम आणि बाजूच्या पट्ट्या मिळूनच तिचा सांगाडा होतो. म्हणजे खालचा गंज हा दिसण्याचा प्रश्न नसून गाडीच्या हाडांचा आहे.

पहिली तपासणी काचेखालच्या जाळीपाशी. वायपरच्या पुढे ज्या फटी दिसतात त्यांतून हवा आत जाते आणि पावसाचं पाणीही. दोन पत्रे वेल्ड करून केलेली ती एक बंद पेटी आहे. पाणी तिच्या दोन्ही टोकांनी खाली निघून जावं अशी सोय आहे, पण पन्नास-साठ वर्षं झाडाखाली उभ्या राहिलेल्या गाडीत तिथे पाला कुजतो, ओल धरते आणि पत्रा आतून खाल्ला जातो. बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून पाण्याची बाटली. मालकाची परवानगी घ्या, आधी डाव्या आणि मग उजव्या बाजूला हळूहळू पाणी ओता आणि डॅशबोर्डखाली डोकं घालून टॉर्च मारा. थेंब पडला तर समजा की दुरुस्तीसाठी मडगार्ड उतरवावे लागणार आणि वेल्डचे असंख्य ठिपके एकेक करून ड्रिल करावे लागणार. मालक ‘पाणी नको, आत्ताच पॉलिश केलंय’ म्हणाला तर उत्तर मिळालंच.

मग कार्पेट उचला आणि डिकीतली चटईही उचला. मस्टँगमध्ये पेट्रोलच्या टाकीचं डोकं हीच डिकीची फरशी असते, तेव्हा तिथला गंज टाकीलाच लागलेला असू शकतो. चुंबक पातळ फडक्यात गुंडाळून मागच्या चाकांच्या वरून आणि दारांच्या खालच्या कडेने फिरवा. पकड सुटली तिथे रंगाखाली पुट्टी आहे. थोडी पुट्टी चालते, मूठभर नाही. (हाच चुंबक घेऊन कॉर्व्हेटकडे मात्र जाऊ नका, तिची बॉडी फायबरग्लासची असते.)

मिशिगन, ओहायो, पेनसिल्व्हेनिया या पट्ट्यात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, आणि मिठाने पत्रा गंजतो. कोरड्या ॲरिझोनाची गाडी घेतली तर डॅशबोर्ड तडकलेला आणि दारांची रबरं कडक झालेली मिळतील. ती खुशाल घ्या. रबरं पोस्टाने घरी येतात.

व्ही-एट म्हटलं, नट मोजले नाहीत

माझ्या लाल कूपेच्या प्रत्येक चाकाला चार नट होते. फोर्डने सहा सिलिंडरच्या मस्टँगला चार नटांची चाकं दिली आणि व्ही-एटला पाच. म्हणजे कोणीतरी साध्या गाडीत मोठं इंजिन बसवलं होतं आणि ब्रेक, स्टिअरिंग, मागचा ॲक्सल तसेच ठेवले होते.

खरं सांगायचं तर हे चेसिस नंबरातच लिहिलेलं होतं. 1965-66 च्या गाड्यांत पहिला अंक वर्षाचा, 5 किंवा 6. दुसरं अक्षर कारखान्याचं: एफ म्हणजे डिअरबॉर्न, आर म्हणजे सॅन होजे, टी म्हणजे न्यू जर्सीतलं मेटचन. पुढचे दोन अंक बॉडीचे: 07 कूपे, 08 उघड्या टपाची, 09 फास्टबॅक, म्हणजे मागे उतरत्या टपाची. आणि पाचवं अक्षर इंजिनाचं. टी म्हणजे 200 क्युबिक इंचांचं सहा सिलिंडर, सी आणि ए म्हणजे 289 व्ही-एट, के म्हणजे त्याचंच 271 हॉर्सपॉवरचं दमदार रूप. दारावरच्या पत्र्याच्या पट्टीवर विसंबू नका, दार बदलता येतं. बॉनेट उघडून ड्रायव्हरच्या बाजूच्या आतल्या पत्र्यावर ठोकलेला नंबर वाचा.

‘जीटी’चा, म्हणजे फोर्डच्या स्पोर्टी पॅकेजचा, बिल्ला तर कुठल्याही दुकानात मिळतो. 1965 आणि 66 मध्ये जीटी पॅकेज फक्त ए आणि के इंजिनांबरोबर मिळायचं. सी किंवा टी कोडच्या गाडीवर तो बिल्ला दिसला की किंमत मनातल्या मनात खाली आणा. 1967 पासूनच्या फोर्ड गाड्यांची कारखान्यातली नोंद मार्टी रिपोर्टमध्ये मिळते. त्याआधीच्या दोन वर्षांना ती सोय नाही, म्हणून या गाड्यांत फसवणुकीला जास्त वाव.

बदललेलं इंजिन वाईटच असं नाही. बाकीचे भाग नीट बदलले असतील तर अशी गाडी चालवायला मजेची असते. फक्त पैसे सहा सिलिंडरचेच द्या.

कागद नंतर बघू म्हटलं

इथे अमेरिकेत टायटल म्हणजे आपलं आरसी बुक. त्यावर विकणाऱ्याचंच नाव हवं आणि नंबर गाडीवरच्या नंबराशी अक्षरन् अक्षर जुळायला हवा. आपल्याकडे 29-30 नंबरच्या फॉर्मवर कोऱ्या सह्या घेऊन गाड्या हातोहात फिरतात, तसा प्रकार इथेही चालतो: विकणारा वेगळा, सही आधीच्या मालकाची. नोंदणी करताना अडकता तुम्ही. चेसिस नंबर 17 आकडी झाला तो 1981 पासून, त्यामुळे एरवीचे ऑनलाइन इतिहास-रिपोर्ट या गाड्यांना लागू पडत नाहीत. गाडी न बघता बयाणा पाठवू नका.

लिलावात घेणार असाल तर हातोडा पडतो त्या किमतीवर साधारण 10 टक्के खरेदीदाराची फी लागते, शिवाय कर आणि वाहतूक. चालवून बघायला बहुधा मिळत नाहीच.

घेऊन झालीय?

मग आधी ब्रेक. 1965-66 च्या मस्टँगमध्ये ब्रेक ऑइलची एकच टाकी आणि एकच सर्किट असतं. कुठेही गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. दुहेरी मास्टर सिलिंडर (दोन टाक्या, दोन सर्किट) बसवल्याशिवाय हायवेला जाऊ नका. टायरवरचे शेवटचे चार आकडेही वाचा, ते बनल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात. क्वचितच चालणाऱ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, नुसते म्हातारे होतात.

आणि बाजूच्या सीटपाशी पाय ओले होत असतील तर लगेच काचेखालची पेटी फोडायला घेऊ नका. बोट बुडवून वास घ्या. गोडसर वास आणि चिकटपणा असेल तर ते कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी आहे, म्हणजे त्याच बाजूला असलेला हीटरचा छोटा रेडिएटर गळतोय. तो बदलणं त्या मानाने सोपं. वास नसेल आणि फक्त पावसातच ओल येत असेल, तर पाइपने आधी काचेच्या रबराच्या कडेने पाणी सोडा आणि थांबा, मग जाळीत सोडा. कुठल्या पाण्यानंतर थेंब आला ते आत बसलेल्या माणसाने ओरडून सांगायचं. आमच्याकडे आत बायको बसली होती. रबराच्या वेळी ती गप्प होती.