एस्सिटालोप्राम सुरू करताना: घरातली तयारी

डॉक्टरांनी चिठ्ठीवर एस्सिटालोप्राम हे नैराश्य आणि चिंतेच्या आजारावरचं औषध लिहून दिलं असेल तर पहिलं काम घरातला औषधांचा डबा टेबलावर उलटा करायचं. मी मेडिकलच्या काउंटरमागे उभी असते आणि 'दुसरं काही चालू आहे का?' असं विचारलं की दहातले नऊजण 'काही नाही' म्हणतात. मग पाच मिनिटांनी त्याच पिशवीतून बी.पी.ची पट्टी निघते. रोजची गोळी लोकांना औषध वाटतच नाही. म्हणून सगळ्या पट्ट्या मांडा, प्रत्येकीच्या मागच्या बाजूचा नावं वाचता येतील असा फोटो काढा आणि तो डॉक्टरांना दाखवा. त्यात कधीमधी लागणाऱ्या गोळ्याही हव्यात आणि काढे-चूर्णंही.

या ढिगात काय शोधायचं? रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, म्हणजे ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन, आणि गुडघेदुखीसाठी चालू असलेलं डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन. यांच्या जोडीला एस्सिटालोप्राम आलं की रक्तस्राव व्हायची शक्यता वाढते, विशेषतः पोटात. डोकं किंवा अंग दुखलं तर साधं पॅरासिटामॉल बरं. ॲसिडिटीच्या गोळ्यांपैकी ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल ही एस्सिटालोप्रामचं रक्तातलं प्रमाण वाढवतात. आपल्याकडे ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये सर्रास डॉम्पेरिडोन मिसळलेलं असतं, आणि ते व एस्सिटालोप्राम दोन्ही हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर परिणाम करू शकतात. घसा धरल्यावर आपल्याच मनाने घेतलेल्या ॲझिथ्रोमायसिनचंही तसंच. हृदयाचा जुना त्रास असेल, कधी शुद्ध हरपून पडला असाल, तर गोळी सुरू करण्याआधी ईसीजी काढायचा का, हे स्वतःहून विचारा.

ट्रॅमाडॉल मात्र वेगळं काढून ठेवा. हाड मोडल्यावर किंवा ऑपरेशननंतर दिलेली ही वेदनाशामक गोळी उरते आणि डब्यात वर्षभर पडून राहते. एस्सिटालोप्रामबरोबर ती घेतली तर शरीरात सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन प्रमाणाबाहेर वाढू शकतं, फिटही येऊ शकते. डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं औषध, अर्धशिशीसाठीचं सुमाट्रिप्टान आणि औषधांना न जुमानणाऱ्या टीबीत दिलं जाणारं लिनेझोलिड हीही त्याच यादीतली. असं काही एकत्र पोटात गेल्यावर दरदरून घाम, हातपाय थरथरणं, ताप, जुलाब, विलक्षण बेचैनी सुरू झाली तर सकाळची वाट बघू नका, हॉस्पिटल गाठा.

घरात साठीच्या पुढचं माणूस असेल आणि त्यांच्या बी.पी.च्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल, तर रक्तातलं सोडियम उतरण्याचा धोका खरा आहे. गोळी सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत आजोबा गोंधळल्यासारखं बोलायला लागले, चालताना झोक जायला लागला, तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. सोडियमची तपासणी साधी आणि स्वस्त असते. वयस्कर माणसांना डॉक्टर बहुधा दिवसाला १० मिलीग्रॅमच्या वर नेत नाहीत. इतरांसाठी वरची मर्यादा २० आहे.

आता डॉक्टरांना सांगायच्या गोष्टी. एक कागद घ्या आणि लिहूनच न्या, कारण समोर बसल्यावर निम्मं विसरतं. कधी काही दिवस झोप नसतानाही अंगात प्रचंड उत्साह, अखंड बडबड, पैशांची उधळपट्टी, मोठमोठे बेत असं झालं होतं का? स्वतःला किंवा घरात कुणाला? झालं असेल तर हे सगळ्यात आधी सांगायचं, कारण अशा माणसाला नुसतं नैराश्याचं औषध दिलं तर तो दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो. फिट येतात का, काचबिंदू आहे का, दारू किती आणि कधी, मूल हवंय किंवा दिवस गेलेत का, हेही. थायरॉइड आणि बी-१२ कधी तपासलं ते लिहा, यांच्या कमतरतेनेही माणूस मरगळतो.

दुकानात पट्टी हातात आल्यावर नाव शेवटपर्यंत वाचा. ब्रँडच्या नावापुढे 'प्लस' असेल तर त्यात बहुतेक वेळा क्लोनाझेपाम हे चिंता शमवणारं, गुंगी आणणारं औषध मिसळलेलं असतं. ते वाईट नाही. चिंतेच्या रुग्णाला सुरुवातीचे दिवस त्यानेच निभावतात. पण सवय लागते ती त्याची, एस्सिटालोप्रामची नव्हे, आणि लोक बदनामी मात्र दुसऱ्याची करतात. माझं स्पष्ट मत असं, की दोन्ही औषधं वेगवेगळ्या गोळ्यांत असलेली बरी, म्हणजे एक काढताना दुसरी हलत नाही. 'प्लस'च लिहून दिली असेल तर 'ही किती आठवडे, आणि साधी कधी?' हे विचारल्याशिवाय केबिनमधून उठू नका. पुढच्या वेळी पट्टी घेताना मिलीग्रॅमचा आकडा जुन्या पट्टीशी ताडून बघा. ५, १० आणि २० च्या पट्ट्या दिसायला एकसारख्या असतात. सिटालोप्राम आणि एस्सिटालोप्राम ही वेगळी औषधं आहेत, त्यांचे डोसही वेगळे. दुकानदार 'तेच आहे' म्हणाला तरी घेऊ नका.

पहिल्या दोन आठवड्यांची तयारी सगळ्यात महत्त्वाची, आणि तिच्याबद्दलच लोकांना कुणी सांगितलेलं नसतं. गोळी आज घेतली की उद्या बरं वाटत नाही. फरक जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण गुण यायला सहा ते आठ. त्रास मात्र पहिल्याच दिवसापासून सुरू होतो. मळमळ, पातळ शौच, डोकेदुखी, सारख्या जांभया, घाम. बहुतेकांचं हे आठ-दहा दिवसांत ओसरतं. चिंतेचा किंवा पॅनिकचा त्रास असलेल्यांना सुरुवातीला धडधड आणि बेचैनी उलट वाढल्यासारखी वाटू शकते, म्हणून डॉक्टर त्यांना ५ मिलीग्रॅमवर सुरू करतात. नेमकं याच टप्प्यावर लोक पट्टी परत घेऊन येतात: 'ही सूट होत नाही, बदलून द्या.' अशा वेळी दुकानात नाही, डॉक्टरांना फोन करायचा. तो नंबर आधीच मोबाइलमध्ये असू द्या आणि दवाखाना कोणत्या वारी बंद असतो तेही माहीत असू द्या. शक्य असेल तर घरातलं लग्न, परीक्षा, लांबचा प्रवास यांच्या तोंडावर सुरुवात नको. पण आजार जोरात असेल तर मुहूर्त बघत बसू नये.

गोळी नाश्त्यानंतर घेतली तर मळमळ कमी होते. तिने झोप येत असेल तर डॉक्टरांना विचारून रात्रीवर न्या. पहिले काही दिवस स्कूटर चालवण्याआधी आपलं डोकं जागेवर आहे ना, एवढं बघा.

घरातल्या एका माणसाला विश्वासात घ्या. सगळ्या घराला सांगायची गरज नाही, एक पुरे. त्याला दोन कामं. एक, रोज दोन शब्द लिहून ठेवणं: झोप कशी, जेवण कसं, आज आपणहून काही बोलला का. सुधारणा आधी बाजूच्या माणसाला दिसते, रुग्णाला स्वतःला उशिरा जाणवते. दोन, पंचविशीच्या आतल्या मुलामुलींवर पहिले काही आठवडे आणि डोस वाढवल्यावर बारीक लक्ष ठेवणं. या वयात सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अमेरिकेत अशा औषधांच्या माहितीपत्रकावर चौकटीत तसा ठळक इशारा छापला जातो, तो यासाठीच. असे विचार आधीपासून असतील तर एका वेळी दोन आठवड्यांच्याच गोळ्या आणा आणि घरातला सगळा औषधसाठा त्या दुसऱ्या माणसाच्या कपाटात ठेवा. केंद्र सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फ्रिजवर चिकटवा. तो चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. आताच्या आता जिवाला धोका वाटत असेल तर फोनवर थांबू नका, माणसाला एकटं न सोडता सरळ हॉस्पिटलमध्ये न्या.

उपासाचं विचारतातच, त्यामुळे तेही. एकादशी असो, नवरात्र असो, गोळी चुकवायची नाही. ती रिकाम्या पोटी घेतली तरी काम करते. निर्जळी करणाऱ्यांनी गोळीपुरतं पाणी प्यावं. एखाद दिवशी राहिली आणि झोपण्याआधी आठवली तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवली तर गेलेली गेली, दोन एकदम घेऊ नका. दारू या काळात टाळलेलीच बरी.

एक गोष्ट लोक काउंटरवर गर्दी ओसरल्यावर खाली मान घालून विचारतात. या गोळीने शरीरसंबंधाची इच्छा कमी होऊ शकते, पुरुषांत वीर्यपतनाला उशीर लागू शकतो, बायकांतही समाधान मिळायला अडचण येते. हा नेहमी दिसणारा परिणाम आहे आणि त्यावर डॉक्टरांकडे उपाय असतात. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं. पण न सांगता गुपचूप गोळी बंद करणारे पुष्कळ, आणि काही महिन्यांनी आजार परत घेऊन येणारेही तेच.

पैशांचंही आधीच बघा, कारण हे दोन-चार आठवड्यांचं काम नाही. जनऔषधी केंद्रात चौकशी करा. सरकारी जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, शिवाय येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. तिथे बाह्यरुग्ण विभागात गोळ्या लिहून घेणारे सगळे दाखल व्हायला गेलेले नसतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे विमा कंपन्यांनी मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच धरायचं आहे, तेव्हा पॉलिसी काढून वाचा. गावी किंवा परदेशी जाताना गोळ्या हातातल्या बॅगेत, मूळ पट्टीतच, चिठ्ठीसकट. घरात नेहमी आठवडाभराच्या जास्तीच्या असू द्या. शनिवारी रात्री संपल्या आणि रविवारी दुकान बंद, हे नेहमीचं.

आणि बंद करायचं ते कसं, हे सुरू करतानाच विचारून ठेवा. बरं वाटायला लागल्यापासून पुढे निदान सहा महिने चालू ठेवतात, चिंतेच्या आजारात बऱ्याचदा वर्षभर, नैराश्य पुन्हापुन्हा आलं असेल तर दोन वर्षं किंवा जास्त. दिवस गेल्याचं कळलं तरी घाबरून त्याच दिवशी बंद करू नका, आधी डॉक्टर. या औषधाचा निम्मा भाग शरीरातून जायला साधारण ३० तास लागतात, त्यामुळे एकदम थांबवलं की दोन-तीन दिवसांत चक्कर, चिडचिड, विचित्र स्वप्नं, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होणं सुरू होतं. ते बघून लोकांना वाटतं आजार उलटला, किंवा व्यसन लागलं. उपाय एकच, आठवड्या-आठवड्याने डोस उतरवत नेणं, आणि तो तक्ता डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेणं. उरलेल्या गोळ्या आमच्याकडे परत आणून द्या नाहीतर नष्ट करा. 'तुलाही असंच होतंय ना' म्हणून वहिनीच्या किंवा शेजारणीच्या हातात मात्र ती पट्टी ठेवू नका.