उंच उडीपटूची कारकीर्द कशी वाचावी : हाविएर सोतोमायोर

क्यूबाच्या सोतोमायोरची कारकीर्द समजून घ्यायची असेल, तर आधी त्याचे विश्वविक्रम तारखांसह क्रमाने मांडावेत : 1988 मध्ये सालामांका येथे 2.43 मीटर, 1989 मध्ये सान हुआन येथे 2.44 आणि 27 जुलै 1993 रोजी पुन्हा सालामांका येथे 2.45. प्रत्येक वेळी वाढ केवळ एका सेंटिमीटरची आहे, आणि माझ्या मते या खेळातील खरे कष्ट तिथेच दिसतात.

पदके मात्र वेगळ्या रकान्यात लिहावीत. 1984 आणि 1988 च्या ऑलिंपिकवर क्यूबाने बहिष्कार टाकल्यामुळे ऐन भरातील सोतोमायोर तेथे उतरूच शकला नाही. 1992 मध्ये बार्सिलोनात पाच जणांनी 2.34 मीटर ओलांडले, तरी सुवर्ण त्यालाच मिळाले. म्हणून निकाल पाहताना उंचीबरोबर फसलेले प्रयत्नही मोजावेत, कारण उंची समान असल्यास शेवटच्या यशस्वी उंचीवर ज्याचे प्रयत्न कमी फसले, तो वरचढ ठरतो. 1999 मधील उत्तेजक-चाचणी आणि बंदीही वगळू नये. त्यानंतर 2000 मध्ये सिडनीत त्याने रौप्यपदक मिळवले.