फेब्रुवारी ते मे: आंबा-काजू बागायतदारांनी वणव्याचा अंदाज कसा बांधावा

काजूला बोंडं धरली आणि आंबा वाटाण्याएवढा झाला की कोकणात आणखी एक हंगाम सुरू होतो, तो वणव्याचा. परतीचा पाऊस ऑक्टोबरात थांबलेला असतो. फेब्रुवारीपर्यंत सड्यावरचं (जांभ्या दगडाच्या माळावरचं) आणि डोंगरउतारावरचं गवत पार वाळून जातं. त्यामुळे पुढचे चार महिने रान कोरडं आहे का, हे विचारण्यात अर्थ नाही, ते कोरडंच असतं. विचारायचं ते एवढंच, की आज कुठे ठिणगी पडली तर आग किती पळेल आणि कुणीकडे पळेल. याचं उत्तर रोज बदलतं, आणि बऱ्याच अंशी ते आदल्या संध्याकाळीच मिळू शकतं.

बहुतेक जण त्यासाठी तापमान बघतात. बाहेरच्या देशांतल्या अग्निशमन दलांत एक ढोबळ नियम सांगतात: तापमान ३० अंशांच्या वर, आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली आणि वारा ताशी ३० किलोमीटरच्या वर गेला, की आग आवरत नाही. आपल्याकडे यातला पहिला आकडा मार्चमध्ये जवळपास रोजच ओलांडला जातो, म्हणून त्यावरून काहीच कळत नाही. लक्ष ठेवायचं ते उरलेल्या दोन आकड्यांवर, आणि त्याहून जास्त वाऱ्याच्या दिशेवर.

गवत किती लवकर वाळतं

वाळलेलं गवत आणि पातेरा (गळलेली सुकी पानं) हवेतला दमटपणा तासाभरात घेतात आणि तासाभरात सोडतात. बोटाएवढ्या काटकीला तेवढ्यासाठी दिवस लागतो, मनगटाएवढ्या फांदीला चारेक दिवस. वणवा धावतो तो गवतावर. म्हणून मार्चमध्ये एखादी अवकाळी सर येऊन गेली तरी निर्धास्त होऊ नका. दुसऱ्या दिवशी दुपारी कडक ऊन आणि कोरडा वारा असेल, तर गवत पुन्हा पेटायला तयार असतं. सरीने फक्त धूळ बसलेली असते.

घरच्या घरी कळणारी एक खूण आहे. सकाळी गवतावर दहिवर पडलं असेल, तर नऊ-दहापर्यंत तरी गवत ओलसर राहतं. दहिवर पडलंच नाही, पहाटेही गवत मुठीत कुरकुरलं आणि चुरा झालं, तर त्या दिवशी दुपारी काय होईल ते वेगळं सांगायला नको. काही शे रुपयांत मिळणारा आर्द्रतामापक मांगरात (बागेतल्या खोपीत), सावलीत टांगून ठेवला तर अंदाज आणखी पक्का होतो. एरवी महागडी औषधं घेताना आपण मागेपुढे पाहत नाही, मग या उपकरणाला का कचरावं?

पत्रकात काय वाचायचं

हवामान विभाग आणि कृषी विद्यापीठ यांचं कृषी हवामान सल्ला पत्रक मंगळवारी आणि शुक्रवारी निघतं. मेघदूत ॲपवरही ते मिळतं. त्यात पुढच्या पाच दिवसांचा तक्ता असतो. आर्द्रतेच्या दोन ओळी असतात, सकाळची आणि दुपारची. सकाळची ओळ सोडून द्या, तिच्यात ८०-९० दिसणारच. दुपारची ओळ पाहा. माझा हिशेब असा: ४० च्या खाली आली की बागेत चूल, विडी, काडी बंद, आणि ३० च्या खाली आली की त्या दिवशी बागेत माणूस राखणीला हवा.

वाऱ्याची दिशा अंशांत दिलेली असते. ९० म्हणजे पूर्वेकडून येणारा, २७० म्हणजे पश्चिमेकडून येणारा. वाऱ्याचा वेग सरासरी असतो, सड्यावर आणि खिंडीत येणारे झोत त्याच्या दीडपट-दुप्पट धरा. शिवाय जिल्ह्याचा आकडा किनारा आणि घाटपायथा यांना एकाच मापाने मोजतो. गुहागर-मालवणला दुपारी दमट असताना खेड, संगमेश्वर, लांजा, वैभववाडीच्या पूर्वेकडच्या गावांत हवा चांगलीच कोरडी असू शकते. तालुक्याचा अंदाज मिळत असेल तर तोच धरा.

आता पूर्वेच्या वाऱ्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण कोकणातला वणव्याचा दिवस ओळखायची किल्ली तिथेच आहे.

एरवी आपल्याकडे रात्री आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, आणि दुपारच्या सुमारास खारा वारा आत येतो. खाऱ्या वाऱ्याबरोबर दमटपणा येतो आणि पारा थांबतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये काही दिवस मात्र देशावरून पूर्वेचा वारा जोर धरतो. ही हवा मुळातच कोरडी, त्यात घाट उतरताना ती दर १०० मीटरला साधारण १ अंशाने तापते. ७०० मीटर खाली आली की ७ अंशांनी गरम, आणि तेवढीच अधिक कोरडी. हा वारा खाऱ्या वाऱ्याला अडवून धरतो, म्हणून मुंबई-रत्नागिरीत मार्चमध्येच पारा ३८-३९ वर जातो. बातम्यांत उष्णतेची लाट म्हणतात तो दिवस आपल्यासाठी वणव्याचा दिवस असतो.

खरा धोका वारा फिरताना असतो. सकाळी पूर्वेच्या वाऱ्यावर पेटलेला वणवा पश्चिमेकडे सरकत असतो. दुपारी एक-दोनला उशिराने खारा वारा आत घुसला, की वारा काही मिनिटांत उलटा फिरतो. ज्या बाजूला आग मागच्या मागे संथ जळत होती, तीच बाजू आता पुढे धावू लागते, आणि पूर्वेकडे चढ असेल तर आणखी जोरात. उतार दर १० अंशांनी वाढला की वर चढणाऱ्या आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. म्हणून अंदाजात सकाळ पूर्वेची आणि दुपार पश्चिमेची दिसली, तर बागेच्या दोन्ही बाजूंना पाण्याची सोय ठेवा. एका बाजूला पिंप ठेवून भागणार नाही.

वळवाचे ढग: पाऊस येण्याआधीचा वारा

एप्रिल-मेमध्ये घाटमाथ्यावर दुपारी ढग चढतात आणि संध्याकाळकडे बरेचदा पश्चिमेला कोकणावर सरकतात. गडगडाट ऐकला की आपण म्हणतो, आला पाऊस, आता आग विझेल. इथेच फसगत होते. ढगातून पाऊस सुटतो, पण खालची हवा कोरडी असली तर थेंब वाटेतच आटतात. आटताना हवा गार आणि जड होते, वेगाने खाली आदळते आणि चहूकडे पसरते. हा वारा पावसाच्या कित्येक किलोमीटर पुढे धावतो. ढग घाटावर असेल तर तो पूर्वेकडून येतो, म्हणजे दिवसभरच्या खाऱ्या वाऱ्याच्या बरोबर उलट. दुपारभर डोंगर चढत गेलेली आग अशा वेळी खाली वाडीकडे वळते.

३० जून २०१३ रोजी अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात यार्नेल हिल इथल्या वणव्यात एकाच तुकडीतले १९ प्रशिक्षित जवान गेले. वादळी ढगातून सुटलेल्या वाऱ्याने आगीची दिशा फिरवली होती. साधनं आणि प्रशिक्षण असलेल्यांची ही गत, तर हातात ओला टाळ (पानांची डहाळी) घेऊन उभ्या राहिलेल्या आपण किती सावध राहावं!

आपल्याकडे वीज पडून वणवा क्वचितच लागतो, लावतो तो माणूसच. पण आग विझवणाऱ्याच्या जिवाला विजेचा धोका आहेच. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी ॲप २० ते ४० किलोमीटरच्या परिसरातल्या विजांची सूचना देतं, ते फोनवर असू द्या. हवामान विभागाचा तीन तासांचा तातडीचा इशाराही पाहा. त्यात 'ताशी ४०-५० किमी वेगाचे सोसाट्याचे वारे' असं वाचलं आणि शेजारच्या डोंगरावर धूर असेल, तर माणसं उतारावरून खाली घ्या. वारा अचानक पडला, मग गार झुळूक आली, धुराचा लोट वाकडा झाला, तर तेवढाही वेळ नाही समजा.

आता करायची कामं

बागेभोवती ३ ते ५ मीटरचा पट्टा गवत काढून, पातेरा ओढून साफ करा. उताराच्या खालच्या अंगाला तो आणखी रुंद ठेवा, कारण आग तिथूनच चढते. गडग्यालगतची (दगडी कुंपणालगतची) रानमोडीची झुडपं मुळासकट काढा. पट्टा जाळून करायचा असेल तर ते काम जानेवारीअखेरपर्यंतच, दहिवराच्या सकाळी, चार माणसं आणि पाणी हाताशी ठेवून. फेब्रुवारीनंतर फक्त कोयता आणि दाताळं. ग्रास कटरचं पातं जांभ्या दगडावर घासलं तर ठिणगी उडते, म्हणून तेही सकाळीच.

राब भाजण्याबद्दल, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमिनीवर पालापाचोळा जाळण्याबद्दल, बोलणं कुणाला आवडत नाही, पण कितीतरी वणवे तिथूनच सुटतात. भाताची रोपं गादीवाफ्यावर, राब न भाजताही चांगली होतात, दापोलीचं विद्यापीठ हे कधीपासून सांगतंय. तरीही भाजायचंच असेल तर उजाडता उजाडता लावा, नऊच्या आत पाणी मारून राख हाताला गार लागेपर्यंत थांबा. पूर्वेचा वारा असेल त्या दिवशी अजिबात नको. गवत जाळलं की पुढच्या वर्षी जास्त येतं, हा समज तर सोडूनच द्या.

फवारणीचा एचटीपी (जास्त दाबाचा) पंप आणि २०० लिटरचं पिंप भरून ठेवा, पाठीवरचे पंपही चालतात. बागेवरून गेलेल्या विजेच्या तारा सैल असतील तर आत्ताच अर्ज द्या. वणवा दिसला तर वनविभागाला १९२६ वर किंवा आपत्कालीन ११२ वर कळवा. भारतीय वन सर्वेक्षणाकडे नोंदणी केली तर उपग्रहाने टिपलेल्या आगीचा संदेश फोनवर येतो, पण उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा वरून जातो. गवताची आग तोवर डोंगर ओलांडून गेलेली असते, तेव्हा त्यावर विसंबू नका.

आग विझवायला जाताना सुती कपडे घाला, नायलॉन नको. आगीच्या तोंडासमोर किंवा तिच्या वरच्या बाजूला उभं राहू नका. मागून आणि कडेने, जळून गेलेल्या जमिनीवरून पुढे सरका. वारा फिरला तर त्याच जळक्या जमिनीत मागे या. विझल्यावर वाळकी खोडं आणि ओंडके फोडून बघा, ते आतून दोन दिवसही धुमसतात आणि दुसऱ्या दुपारच्या वाऱ्यावर पुन्हा पेटतात.

हवामानावर आधारित फळपीक विम्यात तापमान, अवेळी पाऊस, वारा हे निकष असतात, आग नसते. तरी तलाठ्याकडून पंचनामा करून घ्याच, झाडागणिक फोटोसह. होरपळलेली कलमं घाईने तोडू नका. पहिल्या पावसानंतर कुठवर फूट येते ते पाहा, मग जिवंत लाकडापर्यंत छाटा आणि कापावर, तडकलेल्या सालीवर बोर्डो पेस्ट लावा: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी.