नर्सिंग प्रवेश परीक्षेचं गणित: या चुका टाळा

मंडईत पाव किलो भेंडी घेताना 250 ग्रॅम हा आकडा कुणाला शोधावा लागत नाही. पण त्याच मुलीसमोर 0.25 ग्रॅम म्हणजे किती मिलिग्रॅम, असा प्रश्न आला की ती 25 लिहून मोकळी होते. सदाशिव पेठेत माझ्याकडे रविवारी सकाळी नर्सिंग प्रवेश परीक्षेची तयारी करायला मुली येतात. दर वर्षी पहिल्या आठवड्यात ही चूक हमखास होते, आणि 'माझं गणितच कच्चं आहे' म्हणून मुली खचतात. कच्चं काही नसतं. रोज बोलण्यातलं गणित दशांश चिन्ह लावून समोर आलं की ओळखू येत नाही, एवढंच.

म्हणून दशांश मोठ्याने मराठीत वाचा. 0.25 पाव, 0.5 अर्धा, 0.75 पाऊण, 1.25 सव्वा, 2.5 अडीच. एका ग्रॅमचे हजार मिलिग्रॅम, हजाराचा पाव अडीचशे. आजीच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी तोंडपाठ केली होती. तुम्हीही आठवडाभर म्हणून बघा.

दुसरी चूक म्हणजे आलेलं उत्तर तपासून न बघणं. गणित असं होतं: 0.25 ग्रॅम औषध द्यायचं आहे, गोळी 125 मिलिग्रॅमची आहे, तर किती गोळ्या? एकीने 25 भागिले 125 करून 0.2 लिहिलं. मी विचारलं, "गोळीचा पाचवा भाग कसा तोडशील गं?" ती वहीकडे बघत राहिली. मग तिनेच 25 खोडून 250 केलं, आणि उत्तर आलं दोन गोळ्या. सलाइनच्या गणितातही हेच. 500 मिली, 4 तासांत, सलाइनच्या नळीचा सेट 20 थेंबांना 1 मिलीचा, म्हणजे एकूण 10,000 थेंब; मिनिटाला किती? तासांची मिनिटं करायची राहिली तर उत्तर येतं मिनिटाला 2500 थेंब. असं सलाइन कुठे लागतं का? 240 मिनिटांनी भागलं की साधारण 42 थेंब येतात.

एककं गाळू नका. 12 किलोचं मूल, किलोमागे 15 मिलिग्रॅम, म्हणजे 180 मिलिग्रॅम. सिरप 5 मिलीत 120 मिलिग्रॅमचं. 180 भागिले 120 म्हणजे दीड, आणि बऱ्याच जणी इथेच थांबून दीड मिली लिहितात. पण दीड मिली नाही, दीड वेळा 5 मिली, म्हणजे साडेसात. प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहिलं असतं तर ही चूक पटकन दिसली असती. खोकल्याच्या औषधाबरोबर मिळणारं मापाचं झाकण टेबलावर ठेवा, त्यावरच्या 2.5, 5, 10 च्या रेघा बघत गणित करा. फार फरक पडतो.

गुणोत्तरात औषध आणि पाणी 1:4 असं दिलं असेल, तर एकूण पाच भाग. 500 मिलीत औषध 100, पाणी 400. सरळ चाराने भागून 125 काढू नका. शेकडेवारीत 0.9 टक्के म्हणजे 100 मिलीत 0.9 ग्रॅम, म्हणून 500 मिलीच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ.

आता सरावाबद्दल. अप्पा बळवंत चौकातून तीन-तीन गाइडं आणून सोडवलेली गणितं नुसती वाचणं हा सगळ्यात मोठा वेळेचा अपव्यय. वाचताना सगळं समजतं, पेपरात हात चालत नाही. उत्तर झाका, स्वतः सोडवा, मगच बघा. एकाच प्रकारची चाळीस गणितं सलग करू नका, मिसळून करा. मोबाइलचा कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा; परीक्षेत तो चालतो की नाही, हे माहितीपुस्तिकेत आधीच बघून घ्या. घड्याळ मात्र पहिल्या दिवसापासून लावू नका. आधी बरोबर येऊ दे, वेग मागून येतो.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी एक वेगळं सांगते. पेपर इंग्रजीत असेल तर गुणोत्तराला रेशो, लसाविला एलसीएम, दशांशाला डेसिमल म्हणतात हे आधीच वहीत लिहून ठेवा. गणित येत असूनही प्रश्न न कळल्यामुळे मार्क जाताना मी पाहिलेत, आणि ते फार लागतं मनाला.

चुकलेली गणितं खोडू नका. वहीच्या मागच्या पानावर तारीख घालून उतरवा आणि शेजारी लिहा: दशांश, एकक की घाई. तीन आठवड्यांनी ते पान उघडलं की कशाचा सराव करायला बसायचं ते कळेल.