शब्द माहीत असतो, कान ओळखत नाही: इंग्रजीचे ॲक्सेंट शिकवताना

‘ते फार भराभर बोलतात’ ही विद्यार्थ्यांची नेहमीची तक्रार. बऱ्याचदा अडचण वेगाची नसतेच. ओळखीचा शब्द वेगळा स्वर घेऊन येतो. कधीकधी तर कान भलताच शब्द पकडतो. न्यूझीलंडच्या माणसाचं ‘पेन’ हे ‘पिन’सारखं आणि ‘पॅन’ हे ‘पेन’सारखं ऐकू येतं. ही चूक सर्वांत चिवट, कारण ऐकणाऱ्याला शंकाच येत नाही.

निदान दोन आठवडे एकच ॲक्सेंट घ्या. विद्यार्थ्याला ज्यांच्याशी बोलायचं आहे, त्यांचाच आधी. ‘ब्रिटिश ॲक्सेंट’ असं काही एकसंध नसतं. लंडन, लिव्हरपूल आणि ग्लासगो यांचे उच्चार एकमेकांपासून बरेच लांब आहेत.

सुरुवातीला अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाचं ‘स्पीच ॲक्सेंट अर्काइव्ह’ उपयोगी पडतं. हा वेगवेगळ्या ॲक्सेंटच्या ध्वनिमुद्रणांचा ऑनलाइन संग्रह आहे. त्यात सगळे जण ६९ शब्दांचा एकच उतारा वाचतात. मजकूर तोच, त्यामुळे फरक फक्त उच्चाराचा उरतो. एका ॲक्सेंटचे तीन-चार आवाज तरी ऐकवा, नाहीतर एखाद्याची वैयक्तिक लकब ॲक्सेंट समजली जाते. मात्र हे वाचन आहे. दुसऱ्या आठवड्यात मुलाखतींकडे वळा, कारण खऱ्या बोलण्यात शब्द एकमेकांत मिसळतात.

सराव असा: ३०-४० सेकंदांचा तुकडा मजकुराशिवाय दोनदा ऐकवा. जे कळलं नाही, ते जसं ऐकू आलं तसं देवनागरीत लिहायला सांगा. त्यानंतरच मजकूर द्या आणि मूळ शब्दासमोर ऐकलेला उच्चार मांडा. ‘टुडे’समोर ‘टुडाय’, ‘मेट’समोर ‘माइट’ अशा दोन-तीन जोड्या जमल्या की ऑस्ट्रेलियन बोलण्याचा नियम विद्यार्थी स्वतःच सांगतो. आयता नियम दिला तर तो वहीत राहतो. वेग कमी करायचाच तर ०.७५ पर्यंत, त्याखाली स्वर ताणले जातात, लय मोडते.

उत्तर इंग्लंडमध्ये ‘कप’ ‘कुप’च्या जवळ जातं. लंडनकडच्या बोलण्यात ‘कार’मधला र गळतो, पण पुढे स्वर आला की परत येतो, स्कॉटलंडमध्ये तो कायम असतो. अमेरिकन बोलण्यात ‘लॅटर’ आणि ‘लॅडर’ जवळपास एकच होतात.

अमेरिकन ‘कॅन’ आणि ‘कॅन्ट’ यांवर वेगळा तास घ्या, कारण इथे अर्थच उलटतो. नकारातला शेवटचा ट अनेकदा ऐकूच येत नाही, म्हणून ट शोधत बसू नये, स्वर ऐकावा. होकार घाईत ‘कन’ असा दबून जातो, नकारात ‘कॅन’ ठसठशीत राहतो. होकारावर मुद्दाम जोर दिला तर मात्र ही खूण चालत नाही. तेव्हा सरळ विचारून घ्यावं.

तपासणीसाठी दहा सुटे शब्द नव्या आवाजात ऐकवा, वाक्यांत नको. वाक्यात संदर्भावरून अंदाज बांधता येतो. आठ बरोबर आले की पुढचा ॲक्सेंट. त्या ॲक्सेंटमध्ये बोलून दाखवण्याचा आग्रह धरू नका, काम कानाचं आहे.